वेदीपासून खाटेपर्यंत

प्रसाद कोणी आणला, हे आपण सहसा विचारत नाही. आमचं नागरा गोंदियापासून चार-पाच किलोमीटरवर, बालाघाटच्या अंगाला. इथल्या जुन्या शिवमंदिरात महाशिवरात्रीला यात्रा भरते. यात्रेचा प्रसाद शेजारचं पोरगं आमच्या घरी आणून देतं आणि ईदला शिरखुर्म्याचा डबा त्याच पोराच्या हाती परत जातो. त्या पोराला हे नेण्या-आणण्याचा अधिकार कोणी दिला, असा प्रश्न आजवर कोणाला पडलेला नाही. कॅथलिक ख्रिस्ती लोकांत मात्र हा प्रश्न फार जुना आहे. वेदीवरची पवित्र भाकर कोणाच्या हातानं द्यायची? धर्मगुरूच्याच, की तुमच्या-आमच्यासारख्या प्रपंचातल्या माणसाच्याही? आज त्या प्रपंचातल्या माणसांविषयी थोडं सांगायचं आहे.

तुम्ही म्हणाल, एका मुसलमान माणसाला हा विषय कुठून सुचला? सुचला तो मैत्रीतून. माझे एक मित्र मूळचे वसईचे. रेल्वेच्या नोकरीत गोंदियाला आले, इथंच निवृत्त झाले आणि इथंच घर बांधून राहिले. घरी ते कादोडी बोलतात, ती मला कळत नाही. माझी झाडीबोली त्यांना कळत नाही. मग शाळेत शिकलेल्या मराठीत आमचा संसार चालतो. वयानं मोठे म्हणून मी त्यांना दादा म्हणतो, ते मला थट्टेनं कविराज म्हणतात. हे दादा 2008 पासून त्यांच्या चर्चमध्ये एक सेवा करतात. तिचं इंग्रजी नाव आहे ‘कम्युनियन मिनिस्टर’. मिनिस्टर म्हटलं की आपल्याला मंत्री दिसतो, पुढं-मागं गाड्या दिसतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आहे सेवक, वाढपी म्हणा हवं तर. दादांकडे एक जुनी स्कूटर आहे आणि ती पहिल्या किकला कधीच सुरू होत नाही.

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूनं शिष्यांसोबत भोजन केलं. त्या वेळी त्यानं भाकर मोडून दिली, तिला आपलं शरीर म्हटलं, द्राक्षारसाला आपलं रक्त म्हटलं आणि माझ्या आठवणीसाठी हे करत राहा असं सांगितलं. ख्रिस्ती लोक तेव्हापासून ते करत आले. कॅथलिक उपासनेला मिस्सा म्हणतात. मिस्सेत धर्मगुरू गव्हाच्या पातळ, गोल चकत्या आणि द्राक्षाचा रस वेदीवर ठेवून प्रार्थना म्हणतो. चकत्यांत गव्हाचं पीठ आणि पाणी एवढंच, खमीर नाही, मीठसाखर नाही. त्या प्रार्थनेनंतर कॅथलिक श्रद्धेप्रमाणे ती भाकर भाकर राहत नाही, ते ख्रिस्ताचं शरीर होतं. निव्वळ खूण किंवा आठवण अशी त्यांची समजूत नाही. हे ध्यानात घेतलं नाही, तर पुढचं सगळं कर्मकांड वाटेल. म्हणूनच याला प्रसाद म्हणणं मला अपुरं वाटतं. प्रसाद कोणालाही देतात. हे ज्याचा बाप्तिस्मा झाला आहे, ज्यानं मनाची तयारी केली आहे, त्यालाच. घेण्याआधी निदान एक तास अन्न वर्ज्य. पूर्वी मध्यरात्रीपासूनचा कडक उपास असे. पोप पायस बारावे यांनी 1957 मध्ये तो तीन तासांवर आणला आणि पोप पॉल सहावे यांनी 1964 मध्ये एका तासावर. आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना तीही अट नाही.

आमच्या धर्मात पुरोहितवर्ग नाही. पाच माणसं नमाजाला उभी राहिली की ज्याला कुराण अधिक चांगलं येतं तो पुढं उभा राहतो. त्यामुळे दादांच्या तोंडून ‘परवानगी’, ‘नेमणूक’, ‘मुदत’ असे शब्द ऐकले की मला नवल वाटायचं. भाकर द्यायला परवानगी कशाला? दादांनी त्याचं उत्तर वादानं दिलं नाही, इतिहास सांगितला.

फार सुरुवातीला असं नव्हतं. इसवी सन 155 च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या विद्वानानं आपल्या लोकांची बाजू बादशहापुढं मांडताना लिहून ठेवलं आहे की, रविवारच्या सभेत भाकर वाटली जाते आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा डीकन त्यांच्या घरी नेऊन देतात. डीकन म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचा सेवक. त्या काळात साधी माणसंसुद्धा ही भाकर घरी नेऊन ठेवत. रोममध्येच तार्सिसियस नावाचा एक जण ती घेऊन चालला असताना लोकांनी त्याला अडवलं. हातातलं दाखवायला तो तयार झाला नाही, म्हणून त्याला मारून टाकलं. तो पोरसवदा होता असं पुढं मानलं गेलं. ही हकीकत आपल्यापर्यंत आली ती चौथ्या शतकातल्या पोप दामासस यांनी त्याच्यासाठी रचलेल्या चार ओळींमुळे. एखादं माणूस कवितेनं जगवलं, हे ऐकून मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

पुढं भक्ती वाढली तशी भीतीही वाढली. मध्ययुगात असं ठरत गेलं की पवित्र भाकरीला दीक्षा मिळालेल्या हातांचाच स्पर्श व्हावा. धर्मगुरूच्या दीक्षाविधीत त्याच्या तळहातांना तेलाचा अभिषेक करतात, तो त्याचसाठी. लोक गुडघ्यावर बसून जिभेवर भाकर घेऊ लागले. हजार वर्षांहून अधिक काळ हे असं चाललं. मराठी माणसाला हे समजायला अवघड नाही. कोणाच्या स्पर्शानं देव बाटतो आणि कोणाच्या नाही, या प्रश्नासाठी साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावं लागलं होतं. दोन्ही गोष्टी एक नाहीत हे मला कळतं. तिथं जन्मावरून माणसांना दाराबाहेर ठेवलं होतं. इथं दीक्षेचा प्रश्न होता आणि भाकर सगळ्यांना मिळत होती. पण साध्या माणसाचा हात पवित्र वस्तूपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, एवढं साम्य मला दिसतं.

रोममध्ये 1962 ते 1965 या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. लॅटिनच्या जागी लोकभाषा आल्या, वसईत मिस्सा मराठीत होऊ लागली. परिषदेनंतर धर्मगुरू कमी आणि माणसं जास्त ही अडचण ठिकठिकाणी पुढं येऊ लागली. आधी 1969 मध्ये काही बिशपांना मर्यादित परवानग्या मिळाल्या आणि मग 29 जानेवारी 1973 रोजी एक सर्वसाधारण आदेश निघाला. धर्मगुरू नसेल, आजारी किंवा म्हातारा असेल, दुसऱ्या कामात अडकला असेल, किंवा भाकर घेणारे इतके असतील की उपासना फार लांबेल, तर बिशप योग्य अशा प्रापंचिक माणसाला ही सेवा सोपवू शकतो. प्रापंचिक म्हणजे दीक्षा न घेतलेला; वसईच्या चर्चमध्ये हाच शब्द चालतो आणि मला तो फार आवडतो. आदेशात ‘पुरुष किंवा स्त्री’ असं स्पष्ट लिहिलं होतं. 1973 साल लक्षात घ्या.

वसईला मी दादांसोबत एकदाच गेलो, 2011 च्या डिसेंबरात. वसईचे ख्रिस्ती म्हणजे केळी, भाजी, फुलं पिकवणारी माणसं. पोर्तुगीज तिथं 1534 मध्ये आले आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी त्यांना घालवलं, पण चर्च राहिलं आणि मराठीही राहिली. 1998 मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. या मातीतला संत गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये जपानमधल्या नागासाकीला क्रूसावर मारला गेला. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. वसईत त्याच्या नावाचं महाविद्यालय आहे. दादा अभिमानानं सांगतात की गोन्सालो धर्मगुरू नव्हताच, तो फ्रान्सिस्कन संघातला साधा बंधू होता.

त्या रविवारी मी चर्चमध्ये अगदी मागच्या बाकावर बसलो होतो. भाकर देण्याची वेळ आली तेव्हा बाकांवरून दोन-तीन माणसं उठून पुढं गेली. एक लुगड्याच्या निऱ्या सावरत जाणारी बाई होती. ती शाळेत शिकवते असं नंतर कळलं. एक वाडीवाला होता, नखांत मातीची रेघ राहिलेला. त्यांनी हात धुतले आणि थांबले. धर्मगुरूनं आधी स्वतः भाकर घेतली, मग त्यांना दिली आणि मग पात्रं त्यांच्या हातात ठेवली. पात्र त्यांनी वेदीवरून आपल्या हातानं उचलायचं नाही, असा नियम आहे. मग ते रांगांपुढं उभे राहिले. समोर येणाऱ्याला भाकर दाखवून ‘ख्रिस्तशरीर’ म्हणायचं, तो ‘आमेन’ म्हणतो, मग त्याच्या जिभेवर किंवा तळहातावर ती ठेवायची. मी राईस मिलमध्ये हिशेब लिहिणारा माणूस, माझे आकडे सुटत नाहीत. एका माणसाला पाच सेकंद धरले तरी सहाशे माणसांना पन्नास मिनिटं. एकटा फादर ते करू लागला तर पहिल्या रांगेतली माणसं घरी जाऊन जेवून येतील.

तरी सोय हे पुरेसं कारण नाही, असं रोमचं म्हणणं आहे. 25 मार्च 2004 च्या एका सूचनेत ठणकावून सांगितलं आहे की पुरेसे धर्मगुरू हजर असतील तर प्रापंचिकांनी पुढं यायचं नाही आणि उपासना थोडी लांबते ही सबब चालणार नाही. या सेवकांचं अधिकृत नावही ‘असाधारण सेवक’ असं आहे. असाधारण म्हणजे थोर नव्हे, नेहमीचा नसलेला. दादा याचा अर्थ सांगताना म्हणतात, “मी बदली कामगार.” रेल्वेत आयुष्य गेल्यावर माणसाला असेच दाखले सुचतात. नेमणूक कायमची नसते. इथल्या फादरनी नाव सुचवलं, थोडं प्रशिक्षण झालं, नागपूरच्या आर्चबिशपांकडून परवानगी आली आणि मुदत संपली की ती पुन्हा घ्यावी लागते.

चर्चमधलं वाटप डोळ्यांना दिसतं. मला विचाराल तर या सेवेचं खरं काम चर्चच्या बाहेर आहे. आणि ते मी वसईत नाही, इथं नागऱ्यातच पाहिलं.

आमच्या आळीत एक निवृत्त परिचारिका राहत. मूळच्या छत्तीसगडातल्या जशपूरकडच्या, उरांव समाजातल्या. सगळी नोकरी इकडच्या सरकारी दवाखान्यांत झाली. लग्न केलं नव्हतं. गाव त्यांना सिस्टरबाई म्हणे. 2017 च्या पावसाळ्यात न्हाणीत घसरून मांडीचं हाड मोडलं आणि त्या खाटेला लागल्या. तेव्हापासून दर रविवारी दुपारच्या आत दादांची स्कूटर त्यांच्या दारात यायची.

दादांच्या गळ्यात, सदऱ्याच्या आत, एक छोटी पिशवी असते. पिशवीत घड्याळाच्या तबकडीएवढी डबी, आतून सोनेरी मुलाम्याची. तिला पिक्स म्हणतात. मिस्सा संपल्यावर फादर तिच्यात भाकर ठेवून देतात. ती घेऊन निघालं की सरळ आजाऱ्याच्या घरी जायचं, वाटेत बाजारहाट नाही, गप्पा नाहीत. गावच्या फाट्यावर चहाची टपरी आहे, तिथली मंडळी दादांना हाका मारत आणि दादा मान हलवून पुढं जात. टपरीवर त्यांची ‘आखडू’ म्हणून ख्याती झाली होती.

सिस्टरबाईंच्या खोलीत आमच्या घरच्यांनी आधीच स्टुलावर धुतलेलं पांढरं फडकं अंथरलेलं असे. त्यावर क्रूस, एक मेणबत्ती, पेलाभर पाणी. दादा डबी तिथं ठेवत. मग नमस्कार, चुकांची कबुली देणारी छोटी प्रार्थना, शुभवर्तमानातला एखादा उतारा, येशूनं शिकवलेली प्रार्थना दोघांनी मिळून. सिस्टरबाई ती हिंदीत म्हणत, दादा मराठीत, आणि शेवट बरोबर एकाच वेळी होई. मग भाकर. मग बराच वेळ कोणी बोलत नसे. सगळं मिळून पंधरा मिनिटं. शेवटी आशीर्वाद असतो, तिथंही एक बारकावा आहे. धर्मगुरू लोकांवर हात उंचावून क्रूसाची खूण करतो. प्रापंचिक सेवक ती खूण स्वतःवरच करतो. देव ‘आपल्याला’ आशीर्वाद देवो म्हणतो, ‘तुम्हाला’ म्हणत नाही. मी दाराशी खुर्ची टाकून बसलेला असे. मला कोणी भाकर दिली नाही आणि मी मागितली नाही. पाहुण्यानं घरच्या देवघरात किती आत जायचं, हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

एकदा सिस्टरबाई मला म्हणाल्या, “भाऊ, प्रार्थना तर मी खाटेवरूनही करते. पण चर्चमधली माझी जागा गेली असं वाटायचं. दादा येतात तर वाटते, रांग माझ्या घरापर्यंत आली.”

एका रविवारी त्या दादांना काही जुनं, मनात सलणारं सांगू लागल्या. दोन वाक्यं झाली असतील, दादांनी हात वर करून त्यांना थांबवलं. “सिस्टर, हे माझ्यासाठी नाही.” पापनिवेदन ऐकण्याचा आणि क्षमा देण्याचा अधिकार धर्मगुरूलाच. आजाऱ्याला तेलाचा अभ्यंग करण्याचाही त्यालाच. दादांनी बाहेर येऊन फादरना फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी फादर आले. आपल्या अधिकाराची फुशारकी मारणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. माझा अधिकार इथं संपतो, असं सांगून दार उघडून बाजूला होणारं माणूस क्वचित दिसतं. त्या दिवसापासून परवानगी आणि मुदत या शब्दांचं मला नवल वाटेनासं झालं. देण्याची वस्तू आपली नाही हे ज्याला रोज आठवायला हवं, त्याला नियम लागतात.

मग 2020 चा मार्च आला. 25 तारखेपासून देश बंद. देवळं, मशिदी, चर्च, सगळ्यांना कुलपं. त्या वर्षी 12 एप्रिलला ईस्टर होता आणि 25 मेला आमची ईद. आम्ही तरावीह घरी पढलो, ईदची नमाजही घरातच झाली. मन खट्टू झालं, पण नमाज झाली. दादांच्या लोकांची गोष्ट वेगळी होती. प्रार्थना फोनवरून झाली, मिस्सा टीव्हीवर दिसली, रोमच्या रिकाम्या चौकात 27 मार्चला पोप फ्रान्सिस एकटे उभे असलेलेही दिसले. भाकर मात्र हातानंच द्यावी लागते. ती कोणत्याही तारेतून येत नाही. सिस्टरबाईंचं वय सत्तरीपुढं, दादांचंही साठीपुढं. एकानं दुसऱ्याला आजार देण्याची धास्ती. ईस्टरच्या सकाळी दादांनी त्यांना फोनवर पुनरुत्थानाचा अध्याय वाचून दाखवला. फोन मी त्यांच्या कानाशी धरला होता, माझ्याही तोंडाला पंचा बांधलेला. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं उघडली 16 नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली ती 7 ऑक्टोबर 2021 ला घटस्थापनेलाच उघडली. या मधल्या काळात दादा किती वेळा आले, हे बोटांवर मोजता येईल. सिस्टरबाईंनी तक्रार केली नाही, पण रविवारी सकाळी स्टुलावरचं फडकं बदलायला त्या सांगतच राहिल्या.

मरणाच्या वाटेवरच्या माणसाला देतात त्या भाकरीचं लॅटिनमध्ये वेगळं नाव आहे, व्हिॲटिकम. अर्थ, प्रवासासाठी बरोबर दिलेलं अन्न. मराठीत त्याला आयता शब्द आहे, शिदोरी. मी तो सांगितला तेव्हा दादा खुश झाले. अशा माणसासाठी चर्च आपले नियम सैल करतं. त्याच दिवशी आधी भाकर घेतली असली तरी पुन्हा देता येते. सिस्टरबाईंना 2022 च्या थंडीत गिळणं जमेनासं झालं. दादांनी चकतीचा अगदी छोटा कण मोडला, आमच्या घरच्यांकडून चमचा मागून घेतला आणि कण जिभेवर ठेवून वर चमचाभर पाणी दिलं. गिळल्याची खात्री होईपर्यंत ते वाकून उभे होते. उरलेला तुकडा त्यांनी स्वतः खाल्ला, डबीत थोडं पाणी फिरवून तेही प्यायले. एक कणही इकडंतिकडं जाऊ द्यायचा नाही. चर्चमध्ये चुकून भाकर खाली पडली तरी ती लगेच खातात, नाहीतर पाण्यात विरघळवून ते पाणी पायाखाली येणार नाही अशा ठिकाणी जमिनीत जाऊ देतात. फादर संध्याकाळी येऊन तेल लावून गेले. सिस्टरबाई तिसऱ्या दिवशी गेल्या.

दादांचे गुडघे आता कुरकुर करतात, खेड्यापाड्यांचं काम त्यांनी कमी केलं आहे. त्यांच्या जागी एक बाई येऊ लागल्या आहेत, त्या एका दुकानात हिशेब लिहितात. म्हणजे माझ्याच धंद्यातल्या. बायकांना ही सेवा 1973 पासून खुली आहे, पण वेदीवरच्या सेवेच्या रीतसर नेमणुका त्यांना पोप फ्रान्सिस यांनी 2021 च्या जानेवारीत खुल्या केल्या. अठ्ठेचाळीस वर्षं लागली. दादा म्हणतात, आमच्या चर्चच्या घड्याळात ती पाच मिनिटं.

तुमच्या शेजारी कोणी कॅथलिक म्हातारं माणूस खाटेला लागलेलं असेल आणि रविवारी कोणी बाई किंवा बुवा गळ्यातली पिशवी सांभाळत त्या घरी येताना दिसले, तर फार काही करायचं नसतं. गाडी लावायला जागा द्या. टीव्हीचा आवाज कमी करा, दारात कुत्रं असेल तर बांधा. जाताना हाक मारून थांबवू नका, ते थांबणार नाहीत. येताना हाक मारा. आमच्या फाट्यावरच्या टपरीवाल्याला हे आता ठाऊक झालं आहे. बाई परतताना दिसल्या की तो आपणहून अर्धा कप चहा ओततो, बिनसाखरेचा.